एन्व्हायर्न्मेंटल टेक्निशियन व्हायला नक्की काय शिकावं लागतं? (भाचीसाठी विचारतेय)

दोनप्रहर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही भाचीसाठी. तिची शाळा यंदा संपेल. मागच्या वर्षी शाळेनं मुलांना सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवायला नेलं होतं. तिथं एक बाई लांब दांड्याला बाटली बांधून टाकीतलं पाणी काढत होत्या, मग तेच पाणी आत नेऊन त्यांनी मुलांसमोर तपासलं. त्या दिवसापासून हिचं एकच चाललंय: "मावशी, मला त्या बाईंचं काम करायचंय." थोडी विचारपूस केल्यावर कळलं की या कामाला पर्यावरण अभियांत्रिकी तंत्रज्ञ म्हणतात.

चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी तिला नको आहे. हातानं काम करायला आवडतं, एका जागी बसवत नाही. विज्ञान बरं आहे, गणिताची मात्र धास्ती आहे. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते करू दे, भावजी म्हणतात पदविका करून कुठं अडकून बसायचं?

तर मला हे विचारायचंय: पदविका पुरते का? कुठले विषय पक्के हवेत? वर आणखी प्रमाणपत्रं लागतात का? आणि पुढं वाढायला वाव आहे का? हे काम करणाऱ्यांनी मोकळेपणानं लिहा, मी सगळं तिला वाचून दाखवणार आहे.

टिटवी

आधी नाकाला विचारून घ्या म्हणावं. बाकीचं शिकता येतं. :)

निवळशंख

दोनप्रहर, भाचीनं काम प्रत्यक्ष बघून निवडलंय ही फार चांगली गोष्ट आहे. मी २२ वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे आणि सुरुवात पदविकेवरच केली.

नदीत मासे का मेले याचं कारण शास्त्रज्ञ शोधतो. प्रक्रिया केंद्र केवढं असावं, कुठली टाकी किती खोल, हे अभियंता ठरवतो. तंत्रज्ञ नमुना घेतो, मोजतो, उपकरणं अचूक ठेवतो आणि जे दिसलं ते लिहून ठेवतो. पहिल्या दोघांची सगळी गणितं तिसऱ्यानं लिहिलेल्या आकड्यावर उभी असतात. जगभर ही विभागणी मान्य आहे. अभियंत्यांच्या शिक्षणाला परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार १९८९ चा, टेक्नॉलॉजिस्टसाठीचा सिडनी करार २००१ चा आणि टेक्निशियनसाठीचा डब्लिन करार २००२ चा. डब्लिन करारात साधारण दोन वर्षांचं शिक्षण धरलेलं आहे. काही ठिकाणी हीच पदविका तीन वर्षांची असते. म्हणजे भावजींना सांगा, पदविका हा अर्धवट सोडलेला रस्ता नाही, तो स्वतंत्र पेशा आहे.

विषयांत रसायनशास्त्र सगळ्यात आधी. आम्ल-अल्कली, द्रावणाची तीव्रता, ऑक्सिडेशन-रिडक्शन हे झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. मग सूक्ष्मजीवशास्त्र, कारण सांडपाण्यावरची खरी मेहनत जिवाणूच करतात, आपण त्यांना हवा आणि वेळ देतो. पाण्याचा प्रवाह आणि पंप, नकाशा वाचणं, थोडं संख्याशास्त्र, आपल्या कामाला लागू असणारे नियम. आणि नीट लिहिता येणं. "पाणी गढूळ होतं" आणि "सकाळी ७:१०, प्रवाहाच्या मधून, पृष्ठभागाखाली ३० सेंमी, वरच्या बाजूला खोदकाम चालू" या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अबोली_२

मी सध्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निवळशंख यांनी लिहिलेले सगळे विषय आहेत. शिवाय हवा, आवाज, घनकचरा, माती हेही. सुरुवातीला वाटलं होतं झाडंबिडं असतील. झाडं कमी, बाटल्या जास्त. पण मला फार आवडतंय.

सरळमार्ग

मी जरा वेगळं मांडतो. माझं शिक्षण पदवीचं आहे आणि मी सल्लागार म्हणून काम करतो. पदविकेला कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. पण मी पाहिलेले कित्येक चांगले तंत्रज्ञ पंधरा वर्षांनी त्याच टेबलाशी उभे आहेत, आणि त्यांच्यापेक्षा कमी कळणारी पण पदवी असलेली मुलं त्यांच्यावर साहेब झालीत. हे अन्यायाचं आहे, पण आहे. अहवालावर सही करायचा अधिकार बहुतेक ठिकाणी पदवीशी जोडलेला असतो. मुलगी हुशार असेल तर तिला सुरुवातीलाच पदवीकडे वळवा. चार वर्षं कशी जातात कळतही नाही.

धुराडे

@सरळमार्ग, सही तुमची असते हे मान्य. पण ज्यावर सही करता तो आकडा ८० फुटांवर उभं राहून कोणीतरी आणलेला असतो. :)

मी कारखान्यांच्या चिमण्यांचं उत्सर्जन मोजतो. यातलं प्रशिक्षण कुठल्याच पुस्तकात पुरतं मिळत नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

चिमणीतून वर जाणाऱ्या धुरात किती धूळ आहे हे मोजायचं तर आत एक नळी घालून धूर ओढायचा, गाळण कागदावर धूळ धरायची आणि कागद आधी-नंतर तोलायचा. ऐकायला सोपं. गोम अशी की नळीच्या तोंडाशी ओढण्याचा वेग आणि चिमणीतल्या धुराचा वेग सारखा हवा. आपण हळू ओढलं तर धूर तोंडाशी वळसा घालून बाजूनं निघून जातो, पण जड कण वळू शकत नाहीत, ते सरळ आत शिरतात. मग धूळ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. जोरात ओढलं की नेमकं उलटं. म्हणून दर बिंदूवर आधी पिटॉट नळीनं वेग मोजायचा, पंप त्याप्रमाणे लावायचा, पुढच्या बिंदूवर पुन्हा तेच. शेवटी हिशोब ९० ते ११० टक्क्यांत बसला नाही तर चाचणी बाद, पुन्हा पहिल्यापासून.

हे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं शिकवलं. पहिले सहा महिने त्यांनी मला पंपाच्या नॉबला हात लावू दिला नाही, फक्त आकडे लिहायला लावले. तेव्हा राग यायचा. नंतर कळलं की आकडे लिहिता लिहिता मला चिमणीचा स्वभाव कळायला लागला होता. तेव्हा पदविका असो की पदवी, चांगल्या माणसाच्या हाताखालचं पहिलं वर्ष हे निम्मं शिक्षण आहे.

खडीसाखर

धुराडे, प्रतिसाद आवडला. नावाला साजेसा!

दोनप्रहर

सगळ्यांचे आभार. भाची शेजारीच बसलीय. तिचे दोन प्रश्न: १) गणित किती आणि कुठलं लागतं? २) चिमणीवर मुली चढतात का?

पाणकणीस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: चढतात. मी चढलेय. कमरेला दोन दोर असतात, एक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा. उंचीची भीती असणारे पुरुषही आहेत आणि त्यांनी पाण्याचं काम धरलं, त्यात कमीपणा नाही. खरी कसोटी वजनाची असते. बर्फ आणि भरलेल्या बाटल्या घातलेली पेटी उचलून ओढ्याच्या काठानं चालायचं म्हणजे पाठ सांभाळायला शिकावंच लागतं. आणि २४ तासांचा संमिश्र नमुना (दर थोड्या वेळानं थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला) घ्यायचा, स्वयंचलित यंत्र नाही, मग रात्री दोन वाजताही कोणीतरी टाकीशी असतंच.

आता गणित. मी भूजलाचे नमुने घेते. निरीक्षण विहिरीत (नमुन्यासाठी जमिनीत उतरवलेल्या अरुंद नळीत) साचून राहिलेलं पाणी जमिनीतल्या पाण्यासारखं नसतं, म्हणून एका जुन्या आणि अजून चालणाऱ्या रीतीत आधी विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकतात, मग नमुना. नळीचा व्यास ५ सेंमी, पाण्याचा स्तंभ ६ मीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची: साधारण ११.८ लिटर. तिप्पट म्हणजे ३५ लिटर. झालं. हे शाळेतलंच गणित आहे, फक्त चिखलात उभं राहून करायचं.

निवळशंख

गणिताबद्दल माझीही भर. प्रमाण, टक्केवारी, एककांची अदलाबदल आणि लॉगॅरिथम, एवढं पक्कं असलं की नव्वद टक्के काम होतं. कॅल्क्युलस अभ्यासक्रमात असतं, ते समजून घ्यावं, पण रोज हाती लागत नाही.

बीओडीचं उदाहरण देतो, भाचीनं केंद्रात ते नाव ऐकलं असेल. सांडपाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याचं ते माप. ३०० मिलीच्या बाटलीत ६ मिली सांडपाणी घातलं, उरलेलं स्वच्छ, हवा मुरवलेलं पाणी. पहिल्या दिवशी विरघळलेला प्राणवायू ८.२ मिग्रॅ प्रति लिटर, २० अंश सेल्सिअसला पाच दिवस अंधारात ठेवल्यावर ४.२. फरक ४. सौम्यीकरण, म्हणजे पातळ करणं, ५० पट. बीओडी २००. गणित इतकंच. पण पाच दिवसांनी बाटलीत प्राणवायू १ च्याही खाली गेला किंवा फरक २ सुद्धा आला नाही, तर तो निकाल धरायचा नाही, हे समजायला डोकं लागतं. म्हणून अंदाज घेऊन वेगवेगळ्या सौम्यीकरणाच्या तीन-चार बाटल्या लावायच्या.

लॉगॅरिथमची भीती घालवायला एकच गोष्ट सांगा: ७० डेसिबलच्या यंत्राशेजारी ७० डेसिबलचं दुसरं यंत्र लावलं तर आवाज १४० होत नाही, ७३ होतो. हे का, ते तिनं शोधून काढावं.

टिटवी

७३?? मी पण शोधतो आता.

मुळाक्षर

अवांतर होईल, पण विचारतो. मला लाल-हिरवा रंगभेद नीट कळत नाही. हे क्षेत्र फार आवडतं. टायट्रेशनमध्ये (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण घालून मोजण्याच्या रीतीत) रंग ओळखावे लागतात म्हणून मी कधी प्रयत्नच केला नाही. चूक केली का?

निवळशंख

मुळाक्षर, अडचण खरी आहे पण दार बंद नाही. सीओडीच्या (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती प्राणवायू लागतो त्या मापाच्या) टायट्रेशनमध्ये फेरॉइन सूचक निळसर हिरव्यावरून तांबूस तपकिरीवर जातो, तिथं तुम्हाला त्रास होणार. पण तीच तपासणी बंद नळीत दोन तास १५० अंशांवर तापवून वर्णमापकावर वाचता येते, आकडा यंत्र सांगतं. अल्कतेच्या (पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याच्या) टायट्रेशनला रंगाऐवजी पीएच मीटर ठेवा आणि ४.५ वर थांबा. शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. आमच्याकडे एक सहकारी असेच होते, त्यांच्या इतका नेटका पीएच मीटर कोणी ठेवला नाही.

सरळमार्ग

पण मुळात आता टायट्रेशन कशाला? विरघळलेला प्राणवायू प्रोब बुडवून दहा सेकंदांत कळतो. पदविकेत मुलांना अजून १८८८ ची विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजणं, शिकवतात. तो वेळ डेटा हाताळणी, जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे), सेन्सरचं जाळं यांना द्यायला हवा. काही वर्षांत नमुने घेणारा माणूसच लागणार नाही.

रानजाई

सरळमार्ग, मी हाच विषय शिकवते, त्यामुळे इथं थांबवते तुम्हाला. :)

विंकलर आम्ही जुन्याच्या प्रेमापोटी शिकवत नाही. पहिल्यांदा मुलगी बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालते आणि आत तपकिरी ढग उतरतो, तेव्हा तिला प्राणवायू डोळ्यांनी दिसतो. तळाला पांढराच गाळ बसला तर पाण्यात प्राणवायू नाही. मग आम्ल घातलं की सोनेरी पिवळं, थायोसल्फेटनं फिकट, स्टार्चनं निळं, आणि शेवटच्या थेंबाला एकदम निर्मळ. हे ज्या मुलीनं वीस वेळा केलंय ती प्रोबवरचा चुकीचा आकडा बघून थबकते. जिनं केलं नाही ती तो लिहून मोकळी होते.

सेन्सरबद्दल म्हणाल तर सांडपाण्यात ठेवलेल्या प्रोबवर काही दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि तो थर स्वतःच प्राणवायू खातो. आकडा हळूहळू खाली येतो, आणि कोणी बघत नसेल तर टाकीत हवा भरणारा ब्लोअर विनाकारण जास्त हवा मारत राहतो. तो थर पुसणारा, ४, ७ आणि १० पीएचच्या बफरनं (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणानं) पीएच मीटर ताडणारा, काचेचा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात न ठेवता पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवणारा माणूस लागतोच. सेन्सर वाढले की असे हात जास्त लागतील.

जीआयएस आणि डेटा शिकायला हवं, हे मात्र शंभर टक्के मान्य. आम्हीही वाढवतोय.

सरळमार्ग

ढगाची गोष्ट पटली. खरं सांगायचं तर मी विंकलर एकदाच केली होती, परीक्षेपुरती. डेटाचा मुद्दा सोडत नाही.

खडीसाखर

बीओडी पाचच दिवस का? सहा का नाही? सहज प्रश्न.

निवळशंख

चांगला प्रश्न. ब्रिटनमध्ये १८९८ साली सांडपाण्यावर एक शाही आयोग नेमला होता. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालातून ही चाचणी आणि सोडायच्या पाण्याची मर्यादा रुळली: २० बीओडी, ३० तरंगते घन पदार्थ, दोन्ही मिग्रॅ प्रति लिटर. पाच दिवसांचं कारण असं सांगतात की तिथल्या नद्यांचं पाणी फार तर पाच दिवसांत समुद्राला मिळतं. बेटावरच्या नद्यांचं माप जगभर गेलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरला सक्रिय गाळाची, म्हणजे हवा देऊन जिवाणूंचा गाळ जोपासायची आणि त्याच्याकडून पाणी साफ करून घ्यायची, पद्धत मांडली. भाचीनं ज्या टाकीत फेसाळतं तपकिरी पाणी पाहिलं असेल ती बहुधा त्याच पद्धतीची.

पाणकणीस

धागा इतिहासात रमलाय, पण प्रमाणपत्रांचा प्रश्न राहिला. तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

नोकरीला लागल्यावर मी सांडपाण्याच्या एका पंप-विहिरीवर दोघांबरोबर गेले होते. झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला. थोड्या वेळानं सोबतचा म्हणाला, "गेला वास, उतरतो मी." आमच्यातल्या ज्येष्ठानं त्याची कॉलर धरून मागे खेचलं आणि दोरीनं मीटर आत सोडला. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) वर. वास गेला नव्हता, त्याचं नाक बंद पडलं होतं. साधारण १०० पीपीएमला हा वायू वास घेणारी नसच बधिर करतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. तो मित्र आज दोन मुलांचा बाप आहे. त्या ज्येष्ठाला बंदिस्त जागेत उतरण्याचं प्रशिक्षण मिळालेलं होतं, आम्हा दोघांना नव्हतं. प्रशिक्षणाविना आम्हाला तिथं पाठवायलाच नको होतं, याचा राग मला अजून आहे.

म्हणून भाचीला सांगा: बंदिस्त जागेचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचार घेतल्याशिवाय झाकणाच्या आत डोकं घालायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी. आधी प्राणवायू बघायचा, तो १९.५ टक्क्यांच्या खाली नको. मग पेट घेणारे वायू, मग विषारी. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागेवर काम करायचं तर ४० तासांचं प्रशिक्षण, वर तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि दरवर्षी ८ तासांची उजळणी लागते. ४० तास म्हणजे एक आठवडा. नियम असो नसो, तो आठवडा काढावा. धनुर्वात आणि कावीळ ब ची लस घ्यावी.

टिटवी

नाकाला विचारा असं मी गमतीत लिहिलं होतं. आता म्हणतो, नाकावर विसंबू नका. पाणकणीसताई, धन्यवाद.

धुराडे

त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार कळवा.

रानजाई

पाणकणीस यांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

आणि माझ्या प्रत्येक वर्गाला मी पहिल्या आठवड्यात सांगते ती गोष्ट इथंही लिहिते. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये तिथं मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले ई. कोलाय ओ१५७:एच७ जातीचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसं गेली, साधारण २,३०० आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत जे निघालं ते प्रत्येक तंत्रज्ञाला माहीत असावं. पाण्यात उरलेलं क्लोरीन रोज मोजायचं होतं. ते न मोजताच वहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे भरले जात. नमुना एकीकडून घ्यायचा आणि बाटलीवर ठिकाण दुसरंच लिहायचं, हेही चाले. चालकांकडे परवाना होता, पण तो अनुभवाच्या जोरावर, परीक्षा न देता मिळालेला. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ते स्वतः तेच पाणी क्लोरीनशिवाय प्यायचे आणि ते शुद्धच आहे असं मानायचे. क्लोरीन कशासाठी आहे हेच त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. क्लोरीन रोज खरोखर मोजलं असतं तरी साथ बरीच आटोक्यात राहिली असती, असं आयोगानं म्हटलं. २००४ मध्ये त्याच गावात पाणीपुरवठ्याच्या लोकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं.

मला दर वर्षी ही गोष्ट सांगताना मधे थांबावं लागतं.

अबोली_२

मॅडम, तुम्ही माझ्या कॉलेजात असता तर किती बरं झालं असतं. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात आमच्या गटानं वेळ संपली म्हणून तिसरं वाचन पहिल्या दोनांवरून "काढलं". उद्या जाऊन पुन्हा करते.

निवळशंख

अबोली, जा आणि कर. आणि जुन्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिही, खाली सही-तारीख. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे.

रानजाईंच्या मुद्द्याला जोडून: खोटं न लिहिताही पाणी खोटं बोलू शकतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलल्यावर नळाच्या पाण्यात शिसं आलं. तिथं घरोघर दिलेल्या सूचनांत आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या असं लिहिलं होतं. तसं केलं की नळीतलं शिसं आधीच धुऊन जातं आणि सकाळचा नमुना स्वच्छ दिसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं कळवलं की असं वाहू देऊ नका, नळाची जाळी काढू नका आणि रुंद तोंडाची बाटली वापरा. अरुंद तोंडाच्या बाटलीसाठी माणूस नळ हळू सोडतो आणि नळीला चिकटलेलं शिसं सुटतच नाही. बाटलीच्या तोंडानं निकाल बदलतो, बघा.

हातच्या कामाचे असे शंभर बारकावे असतात. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतो. जंतूंच्या नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट, कारण नमुन्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारून टाकेल. बीओडीची बाटली तिरकी धरून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा नको. बाटली कोणी भरली, कोणी नेली, कोणी किती वाजता घेतली, याचा कागद बाटलीबरोबर फिरतो आणि हात बदलला की सही बदलते.

सरळमार्ग

मी वरचं सगळं नीट वाचलं. माझं मत थोडं दुरुस्त करतो. सहीच्या अधिकाराबद्दल मी जे लिहिलं ते खरं आहे आणि मुलीला ते आधीच माहीत असावं. पण सुरुवात पदविकेनं करायला हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी पदविकेनंतर पदवीच्या पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो. दोन-तीन वर्षं काम करून मग पदवीला आलेली मुलं माझ्याकडे आली आहेत आणि ती थेट आलेल्यांपेक्षा उजवी ठरली. फक्त कॉलेज घेताना पुढचा रस्ता उघडा आहे का, एवढं विचारून घ्या.

दोनप्रहर

भावजींना हा प्रतिसाद दाखवला. "हं" म्हणाले. त्यांचा "हं" म्हणजे बरंच झालं.

आता मुद्द्याचा प्रश्न: कॉलेज कसं निवडायचं? सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच दिसतात.

रानजाई

माहितीपत्रक ठेवून द्या आणि तिला घेऊन प्रत्यक्ष जा, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी, प्रयोगशाळा चालू असताना. एका ब्युरेटमागे (टायट्रेशनच्या मापाच्या नळीमागे) किती मुलं उभी आहेत ते मोजा. दोन-तीन असतील तर ठीक, दहा असतील तर नऊ जण बघ्ये. उपकरणं टेबलावर आहेत की कुलूपबंद कपाटात? कपाटातली नवीकोरी उपकरणं बघून हुरळू नका. डाग पडलेलं टेबल चांगलं. मुलांच्या वह्या बघायला मागा. सगळ्यांचे आकडे एकसारखे असतील तर तिथून निघा. नमुने खऱ्या नाल्यातून, नदीतून आणतात का, की बाटलीत साखर घालून करतात? प्रत्येक बॅचबरोबर ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी) लावतात का, एका नमुन्याची दुहेरी तपासणी करतात का, असं भाचीनंच विचारावं. शिकवणाऱ्याचा चेहरा खुलला तर समजा जागा बरोबर आहे.

आणि उमेदवारी. अभ्यासक्रमात निदान काही महिने प्रत्यक्ष केंद्रात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काम हवं. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालणारी प्रयोगशाळा मिळाली तर उत्तम, तिथं नोंदींची शिस्त अंगात मुरते.

मुळाक्षर

मी एका संध्याकाळच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. रंगाचं आधीच सांगितलं. त्यांनी या म्हटलंय.

खडीसाखर

मुळाक्षर, मनापासून अभिनंदन!

टिटवी

मिळालं! ७० आणि ७० म्हणजे ऊर्जा दुप्पट, आणि दुपटीचा लॉग ०.३, दहानं गुणला की ३. म्हणून ७३. आज झोप लागेल.

दोनप्रहर

धागा वर काढतेय, कारण सांगायला काही आहे. शनिवारी मी भाचीला पुन्हा त्याच केंद्रात घेऊन गेले. त्या बाई भेटल्या. त्यांनी हिच्या हातात एक लिटरची मोजनळी दिली, वायुवीजन टाकीतलं पाणी भरायला लावलं आणि म्हणाल्या, ३० मिनिटं हलवायचं नाही, फक्त बघायचं. एका जागी न बसणारी आमची पोरगी अर्धा तास त्या नळीसमोर बसून होती. गाळ हळूहळू खाली गेला, वर नितळ पाणी राहिलं. गाळाची रेघ २८० मिलीवर आली. बाईंनी सांगितलं की टाकीत तरंगता गाळ ३,५०० मिग्रॅ प्रति लिटर आहे, आता गाळाचा निर्देशांक, म्हणजे बसलेला गाळ वजनाच्या मानानं किती जागा घेतो ते, काढ. तिनं कागदावर स्वतः काढला. २८० गुणिले १,०००, भागिले ३,५००. उत्तर ८०. बरोबर आहे का?

निवळशंख

बरोबर. त्या केंद्रातला गाळ चांगला बसतोय, बाईंना सांगा. पण ८० काय? एकक राहिलं.

दोनप्रहर

मी वाचून दाखवायच्या आधीच तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "मिली प्रति ग्रॅम" म्हणाली आणि कागद शोधायला पळाली. जुन्या ओळीवर रेघ मारून शेजारी लिहिलंय, खाली सही आणि तारीख.